आम्हाला उत्तर नको, ते पालटतं कुठे ते सांगा

पोकरच्या डावपेचांवर लिहिणाऱ्या लेखकांना, ते लेख तपासणाऱ्या संपादकांना आणि आपले खेळलेले डाव उलगडून दाखवणाऱ्या प्रशिक्षकांना,

सप्रेम नमस्कार.

मी ऑनलाइन पोकर खेळते. छोट्या आणि मधल्या टेबलांवर, बहुतेक वेळा सहा जणांचं नो-लिमिट होल्डेम (प्रत्येकाला दोन झाकलेली पानं, मध्ये सगळ्यांची पाच उघडी, बेटच्या आकाराला मर्यादा नाही), अधूनमधून स्पर्धा. माझ्यासारखे हजारो लोक तुमचे लेख वाचतात. टेबल उघडण्याआधी वाचतात, बंद केल्यावर वाचतात, स्पर्धेच्या पाच मिनिटांच्या विश्रांतीतही वाचतात. यात करमणूक थोडी असते, पण मुख्य हेतू अगदी रोकडा असतो: उद्या तीच वेळ आली तर निर्णय आजच्यापेक्षा बरा व्हावा. वाचून झाल्यावर तो होतो का, एवढंच आम्ही बघतो. आणि बरेचदा तो होत नाही, म्हणून हे पत्र.

लेख चुकीचे असतात असं माझं म्हणणं नाही. 'एक्का-राजा हातात आला की थ्री-बेट करा', 'रिव्हरवर एवढी मोठी बेट आली की एका जोडीवर फोल्ड करा', 'बिग ब्लाइंड सोडू नका' (थ्री-बेट म्हणजे रेजवर पुन्हा रेज, रिव्हर म्हणजे शेवटचं उघडं पान, फोल्ड म्हणजे डाव सोडणं, बिग ब्लाइंड म्हणजे पानं बघण्याआधी सक्तीनं टाकायची मोठी रक्कम, बाकीच्या रकमाही त्यातच मोजतात) हे सगळं कुठेतरी बरोबरच असतं. तुमच्या टेबलावर, तुमच्या स्टॅकला (पुढ्यातल्या चिप्सना), तुमच्या समोरच्या माणसांपुढे ते नक्की बरोबर ठरलं असेल. पण वाचणाऱ्याच्या पुढ्यात १०० ऐवजी ३५ बिग ब्लाइंड असतात, समोर फोल्ड हा शब्दच न शिकलेला खेळाडू असतो, आणि साइट प्रत्येक पॉटमधून, म्हणजे डावात जमलेल्या पैशांतून, रेक हे आपलं कमिशन कापत असते. मग तोच सल्ला लागू पडतो की उलटा होतो? लेखात त्याचा मागमूस नसतो. उत्तर मिळतं, पण ते कुठवर चालतं हे मिळत नाही.

उदाहरण घेऊनच बोलते, नाहीतर हे पत्रही त्यातलंच व्हायचं.

सहा जणांचं टेबल. बटनावरच्या, म्हणजे फ्लॉपपासून सगळ्यात शेवटी बोलणाऱ्या खेळाडूनं रेज केलं (बेट वाढवली), तुम्ही बिग ब्लाइंडमधून कॉल केलात (तेवढीच भरलीत), बाकीचे गेले. फ्लॉपला, म्हणजे पहिल्या तीन उघड्या पानांत, इस्पिक राजा, इस्पिक सत्ती, चौकट दुर्री. टर्नला, म्हणजे चौथ्या पानाला, बदाम नव्वी. रिव्हरला किलवर चौकी. तुमच्या हातात बदाम राजा आणि किलवर दश्शी. समोरचा फ्लॉपला आणि टर्नला बेट करत आला, तुम्ही कॉल करत आलात. पॉट २० बिग ब्लाइंडचा झाला आणि रिव्हरला त्यानं पुरे २० टाकले. कॉल की फोल्ड?

नेहमीच्या लेखात इथे दोनच प्रकार होतात. एक लेखक म्हणतो, 'तीन वेळा बेट करणारा माणूस खोटं बोलत नाही, फोल्ड.' दुसरा म्हणतो, 'बोर्डावर फ्लशची (एकाच रंगाच्या पाच पानांची) वाट बघणारे हात फुकट गेलेत, कॉल.' दोघांचाही आवाज ठाम, आणि वाचणाऱ्याच्या हाती नाणेफेक.

आता हेच सावकाश मोजू. २० टाकून ४० मिळवायचे आहेत, म्हणजे तिनातून एकदा तुम्ही पुढे असलात की कॉल बरोबरीत सुटतो. समोरचा खरोखर ताकदीनं कशाकशाची बेट करेल? धरून चालू की एक्का-राजा आणि तिळी, म्हणजे एकाच आकड्याची तीन पानं. एक राजा बोर्डावर, एक तुमच्याकडे, म्हणून राजे उरले दोन. चार एक्के गुणिले दोन राजे, ८ कॉम्बो, म्हणजे दोन पानांच्या ८ शक्य जुळण्या. सत्त्या, दुर्र्या, नव्व्या, चौक्या यांचे प्रत्येकी ३, म्हणजे १२. दोन राजांचा १. एकूण २१. (दोन जोड्यांचे हात मी मुद्दाम सोडलेत, आणि राजा-राणी तो रिव्हरला चेक करतो, म्हणजे बेट टाकत नाही, असं धरलंय. हे दोन्ही बदलून बघायला वाचकाला मोकळीक हवी, आणि लेखकानं आपण काय सोडलं हे असंच उघड सांगावं.)

२१ खऱ्या हातांसमोर बरोबरीसाठी साडेदहा ब्लफ लागतात. ते येणार कुठून? हुकलेल्या इस्पिक फ्लशमधून. बोर्डावर राजा आणि सत्ती गेले. दुर्री, चौकी, नव्वीशी जोडी जमते म्हणून ती पानं बाजूला ठेवू. उरली एक्का, राणी, गुलाम, दश्शी, अठ्ठी, छक्की, पंजी, तिर्री. आठ पानांतून दोन, म्हणजे २८ कॉम्बो. सोयीसाठी बटनावरून तो हे सगळे खेळतो असं मानू. तर २८ पैकी साडेदहा, म्हणजे ३७.५ टक्के. हुकलेल्या फ्लशपैकी इतक्यांची तो रिव्हरला बेट करत असेल तर तुमचा कॉल बरोबरीत. त्याहून जास्त ब्लफ करणाऱ्यापुढे कॉल, कमी करणाऱ्यापुढे फोल्ड.

आता तुमच्या हातातली दश्शी किलवरऐवजी इस्पिक करा. हाताची ताकद तीच, बोर्ड तोच, बेट तीच. पण दश्शी असलेले ७ हुकलेले फ्लश त्याच्याकडे असूच शकत नाहीत. २८ चे २१ झाले, आणि बरोबरीसाठी त्यानं आता निम्म्या हातांवर ब्लफ करायला हवा. म्हणजे जो खेळाडू हुकलेल्या फ्लशपैकी बरोबर निम्म्यांवर बेट करतो, त्याच्यापुढे किलवर दश्शीनं कॉल चांगला फायद्याचा, आणि इस्पिक दश्शीनं तो ना नफा ना तोटा. त्यात साइटनं त्या पॉटमधून १ बिग ब्लाइंड जरी रेक उचलला, तर ६० ऐवजी ५९ हातात येतात, गरज ३३.३ वरून ३३.९ टक्क्यांवर जाते, आणि बरोबरीचा तो कॉल तोट्यात शिरतो.

आम्हाला हवेत ते हे आकडे: ३७.५ आणि ५०. 'कॉल' किंवा 'फोल्ड' हा शब्द त्यांच्यापुढे अगदी किरकोळ आहे. समोर कोण बसलंय ते तुम्हाला दिसत नाही, आम्हाला दिसतं. आमच्या टेबलावरचा तो खेळाडू हुकलेला फ्लश रिव्हरला मुकाट्यानं चेक करणारा आहे की दिसेल तिथे ढकलणारा आहे, हे आम्ही जाणतो किंवा जाणू शकतो. आम्हाला येत नाही ते सीमारेषा काढणं. लेखकाचं कसब तिथे लागावं. रेष काढून द्या, तिच्या कुठल्या बाजूला आपण आहोत ते आम्ही बघून घेऊ.

हीच गोष्ट इतर ठिकाणीही लागू होते. आऊट्सना, म्हणजे आपला हात जमवणाऱ्या उरलेल्या पानांना, ४ नं गुणून टक्के काढायचा नियम घ्या. नवख्यांसाठी लिहिलेल्या जवळजवळ प्रत्येक लेखात तो सापडतो. फ्लश जमायला ९ पानं उपयोगी, ९ चोक ३६ टक्के. खरं उत्तर ३५, म्हणजे नियम सुरेख. पण तो लागू पडतो टर्न आणि रिव्हर ही दोन्ही पानं नक्की दिसणार असतील तेव्हाच, उदाहरणार्थ कुणीतरी सगळ्या चिप्स टाकून ऑल-इन असताना. फ्लॉपला साधी बेट आली, मागे अजून स्टॅक उरलाय, टर्नला पुन्हा बेट येणार आहे, तर पुढच्या एका पानाचाच हिशेब धरायला हवा आणि तो १९ टक्क्यांचा असतो. ३५ समजून कॉल करणारा आणि १९ समजून कॉल करणारा यांच्यात महिन्याच्या शेवटी काय फरक पडतो ते सांगायला नको. शिवाय आऊट्स वाढले की नियम फुगतो: १५ आऊट्सना तो ६० सांगतो, प्रत्यक्षात ५४ असतात. नियम वाईट नाही. त्याला कुंपण घालून द्या एवढंच मागणं आहे, आणि ते एका वाक्यात होतं.

आता सॉल्व्हरकडे, म्हणजे समतोल खेळी मोजून काढणाऱ्या प्रोग्रामकडे वळते, कारण हल्लीचे निम्मे लेख तिथूनच जन्माला येतात.

रंगीत तक्ते बघायला छान वाटतात. १६९ चौकोन, दर चौकोन म्हणजे हातातल्या दोन पानांचा एक प्रकार, लाल-हिरवे-निळे. पण १६९ चौकोनांमागे १३२६ कॉम्बो आहेत आणि सगळे चौकोन सारख्या वजनाचे नाहीत. जोडीचा चौकोन ६ कॉम्बोंचा, एकाच रंगाच्या दोन पानांचा ४ चा, वेगळ्या रंगांच्या पानांचा १२ चा. वेगळ्या रंगांचा एक चौकोन हिरवा केला की तो एकरंगी तीन चौकोनांइतका जड असतो. कितीतरी लेखांत 'बघा, रेंज (खेळायच्या हातांचा संच) थोडीशीच वाढली' म्हणून असे चार-पाच चौकोन रंगवलेले दिसतात, आणि प्रत्यक्षात वाढ चांगली दणदणीत असते. तक्ता छापायचाच तर त्याखाली रेंज एकूण हातांच्या किती टक्के आहे ते लिहा.

दुसरं, सॉल्व्हर दिलेल्या प्रश्नाचंच उत्तर देतो. त्याला तुम्ही कोणत्या बेटचे आकार दिलेत, दोन्ही बाजूंच्या रेंज कुठून आणल्या, रेक धरला की नाही, हे लिहिल्याशिवाय '६३ टक्के बेट' या आकड्याला काही अर्थ उरत नाही. आणि मिश्र खेळीचा अर्थही नीट सांगा. सॉल्व्हर एका हाताला काही वेळा बेट आणि काही वेळा चेक सांगतो तेव्हा, समतोलात, म्हणजे कुणालाच आपला खेळ बदलून फायदा नसतो तेव्हा, त्या दोन्ही खेळींचं मूल्य सारखंच असतं. म्हणून घड्याळाच्या सेकंद काट्यावरून ६३-३७ पाळायचा आटापिटा बहुतेकांसाठी व्यर्थ आहे. विचारायचा प्रश्न वेगळा: समोरचा समतोलापासून ढळलेला असेल तर या दोनातली कोणती खेळी जास्त देते? इथे लेखकाचं मत आम्हाला ऐकायचं असतं, आणि नेमका इथेच तो यंत्राच्या मागे लपतो.

आणि कृपा करून 'पोकर सुटलं' असं मथळ्यात लिहू नका. २०१५ मध्ये अल्बर्टा विद्यापीठाच्या गटानं व्यवहारापुरतं सोडवलं ते दोघांमधलं लिमिट होल्डेम, जिथे बेटचे आकार ठरलेले असतात. २०१७ च्या जानेवारीत कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्राटस या संगणक प्रोग्रामनं चार व्यावसायिकांना १,२०,००० डावांत हरवलं ते दोघांमधल्या नो-लिमिटमध्ये. सहा जणांच्या टेबलावर २०१९ मध्ये प्लुरिबस हा प्रोग्राम आला, तोही कार्नेगी मेलन आणि फेसबुक यांच्या कामातून. त्यानं व्यावसायिकांवर मात केली, पण सहा जणांचा खेळ सुटल्याचा दावा त्याच्या कर्त्यांनीही केला नाही. मला त्यातलं आवडलं ते निराळंच. आधीच्या फेरीत नुसता कॉल करून मग पुढच्या फेरीत आपणच आधी बेट टाकणं, ज्याला तुम्ही 'डॉंक बेट' म्हणून हिणवत आलात, ते प्लुरिबस माणसांपेक्षा कितीतरी जास्त करत होता. तर दुसरीकडे, स्मॉल ब्लाइंड सोडून इतर जागांवरून नुसतं लिंप करणं, म्हणजे रेज न करता बिग ब्लाइंडइतकंच भरून डावात येणं वाईट, ही जुनी समजूत त्यानं उचलून धरली. म्हणजे लोकज्ञानातलं एक टिकलं, एक पडलं. कोणतं का टिकलं, यावर कुणी चार पानं लिहिली तर मी ती दोनदा वाचेन.

तसं पाहिलं तर 'का' ची परंपरा जुनी आहे. जॉन फॉन नॉयमान आणि ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांनी १९४४ साली पोकरचं एक अगदी साधं गणिती रूप मांडलं, त्यातही निष्कर्ष असाच निघतो की बेट करावी ती सर्वात चांगल्या आणि सर्वात वाईट हातांनी, आणि मधल्यांनी चेक करावं. कारण मधल्या हाताला दाखवादाखवीत जिंकायची थोडी आशा असते, ती बेट करून का घालवायची. तळाच्या हाताकडे घालवण्यासारखं काही नसतंच. ही दोन वाक्यं ज्याला समजली त्याला रिव्हरच्या ब्लफचे दहा तक्ते पाठ करावे लागत नाहीत.

पुराव्याबद्दल थोडं कडक बोलते. 'ही खेळी मी महिनाभर वापरली, माझा आलेख बघा' हा पुरावा नाही. हिशेब करून पाहा. सहा जणांच्या नो-लिमिट टेबलावर दर १०० डावांमागे प्रमाण विचलन १०० बिग ब्लाइंड धरा. हे वास्तवाच्या जवळ आहे. एखादा खेळाडू खरोखर चांगला आहे, दर १०० डावांना ५ बिग ब्लाइंड जिंकण्याइतका. १०,००० डावांनंतर त्याची अपेक्षित कमाई ५०० आणि विचलन १,०००. म्हणजे दहा हजार डाव उत्तम खेळूनही तो तोट्यात असण्याची शक्यता जवळपास ३१ टक्के. एक लाख डावांनंतरसुद्धा ती ६ टक्क्यांच्या आसपास उरतेच. एवढ्या गोंधळात एका खेळीचा, तीही हजारातून काही वेळा येणाऱ्या खेळीचा परिणाम आलेखात दिसतो असं सांगणारा एकतर स्वतःला फसवतोय किंवा आम्हाला. आलेखाऐवजी तर्क द्या. तर्क तपासता येतो.

टेबलावरच्या आकडेवारीचंही तसंच. 'समोरचा थ्री-बेटला ७५ टक्के वेळा फोल्ड करतो, म्हणून इथे ब्लफ' असं लिहिलेलं असतं, आणि चित्रातल्या बारीक अक्षरांत दिसतं की हे ७५ टक्के म्हणजे चारातून तीन वेळा. चारातून तीन हे निम्म्या वेळा फोल्ड करणाऱ्याकडूनही सहज होतं. टक्केवारीशेजारी किती वेळांतून, हे लिहायला जागा लागते ती किती?

स्पर्धांवरच्या लेखांत सगळ्यात जास्त घोळ होतो, कारण रोख टेबलाचा सल्ला तिथे जसाच्या तसा नेला जातो. तीन खेळाडू उरलेत, चिप्स ५०, ३० आणि २० टक्के. बक्षिसंही ५०, ३० आणि २०. स्वतंत्र चिप मॉडेलनं, म्हणजे चिप्सवरून बक्षिसांतला सरासरी वाटा काढणाऱ्या आपल्या ओळखीच्या आयसीएमनं, मोजलं तर निम्म्या चिप्सवाल्याचा वाटा ५० नसून ३८.४ येतो, मधल्याचा ३२.७५ आणि शेवटच्याचा जवळपास २९. आता मधला खेळाडू मोठ्या स्टॅकच्या ऑल-इनला कॉल करायचा विचार करतोय. जिंकला तर त्याच्या चिप्स ६० आणि वाटा ४१. हरला तर तिसरा क्रमांक, २०. आजचा वाटा ३२.७५ राखायचा तर त्याला जिंकायला हवं ६१ टक्के वेळा. पॉटमधले ब्लाइंड बाजूला ठेवले तर रोख टेबलावर त्याच कॉलला ५० पुरले असते. एक्का-राजाविरुद्ध राण्यांची जोडी साधारण ५६-५७ टक्के जिंकते. म्हणजे समोरच्यानं पानं उघडी टाकून एक्का-राजा दाखवला तरी राण्यांनी फोल्ड करावं अशी ही जागा आहे! हे वाचून माणूस दचकतो, आणि दचकला की शिकतो. 'बक्षिसांच्या उंबरठ्यावर जरा जपून खेळा' हे वाचून कुणी काही शिकल्याचं मी पाहिलेलं नाही.

उलट्या दिशेचंही सांगा. सगळे तुमच्यापर्यंत फोल्ड होत आलेत आणि तुम्ही २ बिग ब्लाइंडचं रेज करून ब्लाइंड चोरायला बघताय. समोर दोन्ही ब्लाइंड मिळून दीडच पडलेत, तर चोरी ५७ टक्के वेळा साधायला हवी. टेबलावर एकूण १ बिग ब्लाइंडचा अँटे (ब्लाइंडखेरीज सक्तीची रक्कम) असेल तर समोर अडीच होतात आणि ४४ टक्के पुरतात. अँटे आहे की नाही याचा उल्लेखही न करता छापलेल्या सुरुवातीच्या रेंजचं आम्ही काय करावं?

वेळेचं भान ठेवा. ऑनलाइन खेळणाऱ्याकडे निर्णयाला काही सेकंद असतात, आणि शेजारी आणखी तीन टेबलं वाजत असतात. वर मी केली तसली मोजणी टेबलावर कुणी करत नाही, करूही शकत नाही. ती आधी, निवांत, लेख वाचताना करायची असते. टेबलावर न्यायची असते तिची पुरचुंडी: 'हुकलेल्या फ्लशचं पान माझ्याच हातात असेल तर कॉल करताना हात आखडता घे.' चांगल्या लेखात दोन्ही असावं, लांबलचक उकल आणि तिच्यातून निघालेली अशी एखादी ओळ. नुसती ओळ दिलीत तर ती कुठे मोडते ते कळत नाही, नुसती उकल दिलीत तर ती घड्याळापुढे टिकत नाही. आणि हो, खेळ चालू असताना बाजूला सॉल्व्हर उघडून उत्तरं बघण्याच्या युक्त्या 'अभ्यासाची साधनं' म्हणून छापू नका. मोठ्या साइट्सच्या नियमांत ती सरळ फसवणूक आहे, आणि तिचा फटका आम्हालाच बसतो.

पैशांबद्दलही बोलायलाच हवं. वाचक एखाद्या साइटवर खातं उघडतो तेव्हा त्याला तिथे पाठवणाऱ्याला मोबदला मिळतो, कधी ठोक, कधी त्या वाचकाच्या रेकमधला वाटा. हा धंदा उघड आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही, पण लेखात तो लपवलेला असतो. वाचकाच्या रेकमधून ज्याला वाटा मिळतो, त्याच्याकडून 'जास्त हात खेळा, जास्त टेबलं उघडा, इथे फोल्ड करणं भित्रेपणाचं' असा सल्ला आला की आम्ही तो कसा घ्यायचा? कदाचित तो प्रामाणिकच असेल. पण वरच्या बाजूला दोन ओळींत नातं सांगून टाकलंत तर आम्हालाही प्रामाणिकपणे वाचता येईल. रेकबद्दल लेखांत इतकी शांतता का असते, याचंही उत्तर बहुधा तिथेच आहे. छोट्या टेबलांवर रेक हा समोर बसलेल्या कोणत्याही खेळाडूपेक्षा जास्त घेऊन जातो, आणि बिग ब्लाइंडमधून कोणते हात कॉल करावेत हे त्यावर थेट अवलंबून असतं. मोठ्या टेबलांच्या रेंज तिथे आणून लावल्या की तळातले कितीतरी कॉल निव्वळ तोट्याचे होतात.

लेखाला तारीख घाला. ८६ डॉलरच्या ऑनलाइन पात्रता स्पर्धेतून आलेल्या ख्रिस मनीमेकरनं २००३ मध्ये ८३९ जणांत विश्वविजेतेपदाची मुख्य स्पर्धा जिंकली, आणि २००६ मध्ये त्याच स्पर्धेत ८,७७३ जण उतरले. त्या लाटेवर लिहिलेला सल्ला त्या काळच्या, नुकत्याच आलेल्या गर्दीपुढे खरा होता. 'थ्री-बेट आली म्हणजे एक्के किंवा राजे' हे तेव्हा बऱ्यापैकी चालायचं. आज छोट्या टेबलावरही कुठे चालतं, कुठे अजिबात नाही. जुना लेख काढून टाकू नका, त्यावर आजचं मत तारखेसह जोडा. लेखकानं आपलं मत बदलताना आम्हाला दिसलं तर त्याच्याबद्दलचा विश्वास वाढतो.

मनःस्थिती, शिस्त, टिल्ट (चिडून वाहवत खेळणं) यांवरच्या लेखांबद्दल मला फारसं म्हणायचं नाही. एखादा पुरे. एका मोठ्या ब्लफच्या पराक्रमकथाही चालतील, फक्त त्यांच्या माथ्यावर 'डावपेच' असं लिहू नका.

त्याऐवजी अवघड, कंटाळवाणे, अडीच बिग ब्लाइंडच्या फरकाचे डाव घ्या. आमचे पैसे त्यातच जातात. एक्के फुटून ऑल-इन हरल्याचा डाव सगळ्यांच्या लक्षात राहतो, पण त्यात करण्यासारखं दुसरं काही नसतंच. बिग ब्लाइंडमधून जरा हलका कॉल, फ्लॉपला चेक-कॉल, टर्नला नाइलाजानं फोल्ड, हे मात्र एका बैठकीत कितीदा घडतं ते कुणी मोजत नाही. असा एक डाव घ्या. सुरुवातीलाच दोघांचे स्टॅक, जागा, प्रत्येक बेटचा आकार, रेक आणि अँटे लिहा. समोरच्याबद्दल डावाच्या आधी काय माहीत होतं ते लिहा, आणि त्यानं शेवटी काय दाखवलं ते अगदी शेवटपर्यंत सांगू नका, कारण ते कळलं की आमची बुद्धी तिकडेच घसरते. मग एकेक गृहीत हलवा: स्टॅक निम्मा केला तर? तो बटनाऐवजी पहिल्या जागेवरून आला असता तर? बेट निम्म्या पॉटची असती तर? प्रत्येक वेळी उत्तर टिकलं की पालटलं, एवढंच नोंदवा. असा लेख लिहायला आठवडा लागत असेल तर महिन्याला चारच लिहा, आमची ना नाही.

आपली,
मधल्या टेबलांवरची एक वाचक

ता. क. तक्त्यांत लाल आणि हिरवा हे दोनच रंग वापरू नका. हा फरक न दिसणारे बरेच खेळाडू आहेत, आणि त्यांना तुमची रेज आणि फोल्ड एकसारखीच दिसते. चौकोनात एक अक्षर टाकलंत तरी काम भागेल.